नदीची माणसं आणि मधुमेह: पिमा समाजाचा प्रकरण अभ्यास

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, दोन तास बसून राहायचं आणि मग रक्त द्यायचं. अहवालात २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठा आकडा आला की निदान ठरतं: मधुमेह. हा आकडा आज जगभर वापरला जातो, पण तो आला कुठून हे सहसा कुणी विचारत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही रेघ आखली, तेव्हा ज्या मोजक्या समाजांच्या तपासण्यांचा आधार घेतला गेला, त्यांत अ‍ॅरिझोनातल्या हीला नदीकाठच्या पिमा लोकांचा वाटा फार मोठा होता.

त्याचं कारण ऐकून पोटात गोळा येतो. बहुतेक समाजांत रक्तातल्या साखरेचे आकडे आलेखावर मांडले तर एकच डोंगर दिसतो, त्याचा उतार हळूहळू खाली येतो आणि आजार नेमका कुठून सुरू झाला हे त्या उतारावरून कळत नाही. पिमांच्या आलेखात दोन उंचवटे होते आणि मधे खिंड. आजार इतका पसरला होता की निरोगी आणि आजारी अशा माणसांच्या दोन राशी आपोआप वेगळ्या पडल्या होत्या. ती खिंड दोनशेच्या आसपास होती.

हे प्रकरण निवडण्यामागे माझा हेतू आहे. 'अमुक वंशाच्या लोकांना मधुमेह जास्त होतो, त्यांच्या जनुकांतच ते असतं' हे वाक्य आपण डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून, वर्तमानपत्रांतून ऐकत असतो, आणि पुरावा म्हणून बहुधा पिमांचं नाव घेतलं जातं. प्रकरणाच्या तपशिलात शिरलं की लक्षात येतं, 'वंश' या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक रक्तातून आलेली, दुसरी इतिहासातून आलेली. पिमांच्या बाबतीत ही गाठ बऱ्याच अंशी सोडवता येते, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

नदी होती तेव्हा

पिमा हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला 'अकिमेल ओ'ओधाम' म्हणतात, म्हणजे नदीची माणसं. आजच्या फिनिक्स शहराच्या आसपास, हीला आणि तिला मिळणाऱ्या सॉल्ट नदीच्या खोऱ्यात त्यांच्या होहोकाम पूर्वजांनी शेकडो मैल लांबीचे कालवे खोदले होते. भोवती वाळवंट, आणि त्यात मका, भोपळा, कापूस आणि टेपरी नावाचा, अगदी कमी पाण्यावर येणारा घेवडा. मेस्किटच्या शेंगा कुटून पीठ व्हायचं. नदीत मासे होते. स्पॅनिश लोकांबरोबर गहू आला तेव्हा तोही त्यांनी आपलासा केला, इतका की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघालेले तांडे आणि नंतर अमेरिकी लष्कर यांना पिमांच्या धान्यावर भिस्त ठेवावी लागे.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे. पुढे या लोकांबद्दल जो सिद्धांत मांडला गेला, त्यात ते पिढ्यान् पिढ्या दुष्काळाशी झगडत आलेले, मिळेल तेव्हा खाऊन साठवून ठेवणारे लोक म्हणून येतात. प्रत्यक्षात ते कालव्यांचे शेतकरी होते आणि दुसऱ्यांना धान्य विकत होते.

१८५९ मध्ये त्यांच्यासाठी आरक्षित प्रदेश ठरवला गेला. १८७० नंतर नदीच्या वरच्या अंगाला आलेल्या वसाहतकऱ्यांनी पाणी आपापल्या शेतांकडे वळवायला सुरुवात केली. शतक संपेपर्यंत पिमांच्या वाट्याला कोरडं पात्र उरलं. पिकं गेली, उपासमार आली, मेस्किटची झाडं तोडून सरपण विकून लोकांनी दिवस काढले. मदत म्हणून जे सरकारी धान्य आलं त्यात मैदा, साखर आणि लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, हे मुख्य होतं. १९३० मध्ये वरच्या भागातल्या कूलिज धरणाचं उद्घाटन झालं, पण त्यानंही पूर्वीची शेती परत आली नाही. आहार बदलला, आणि त्याबरोबर खणणं, पाणी देणं, कापणी, मैलोगणती चालणं हेही गेलं. एका समाजाचं खाणं आणि कष्ट हे दोन्ही, दोन-तीन पिढ्यांत, त्यांना न विचारता बदललं गेलं.

मधुमेह लगेच आला नाही. बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनी अ‍ॅरिझोनातल्या मधुमेहाची पाहणी करून १९४० मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये त्यांना इतर अमेरिकनांपेक्षा वेगळं काही आढळलं नाही. म्हणजे जनुकं तीच होती, माणसं तीच होती, आणि आजार अजून दिसत नव्हता.

चाळीस वर्षांच्या नोंदी

१९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं पथक हीला नदीकाठी आलं ते संधिवाताच्या पाहणीसाठी. रक्त तपासताना साखरेचे आकडे भलतेच चढे निघाले. १९६५ पासून पद्धतशीर अभ्यास सुरू झाला: पाच वर्षांवरच्या प्रत्येकाला साधारण दर दोन वर्षांनी तपासणीला बोलवायचं, ग्लुकोज प्यायला द्यायचं, वजन-उंची मोजायची, डोळे आणि मूत्रपिंडं पाहायची. हा उपक्रम २००७ पर्यंत, चार दशकांहून अधिक काळ चालला. पीटर बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पहिले मोठे निष्कर्ष छापले. पस्तिशी ओलांडलेल्या पिमांपैकी जवळपास निम्म्यांना मधुमेह होता. तोवर जगात कुठल्याच समाजात इतकं प्रमाण नोंदलं गेलं नव्हतं.

आजार कसा चढत जातो हे टप्प्याटप्प्यानं पाहण्याची संधी या नोंदींमुळे मिळाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. ४८ पिमांना सरासरी पाच वर्षं पुन्हा पुन्हा तपासलं. सुरुवातीला सगळ्यांची साखर ठीक होती. पाच वर्षांत १७ जण मधुमेहापर्यंत पोचले, ३१ जण तसेच राहिले. वजन दोन्ही गटांत वाढलं, आणि शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होणं, कमी-अधिक प्रमाणात, दोन्ही गटांत झालं. फरक स्वादुपिंडाचा होता. जे वाचले त्यांच्या स्वादुपिंडानं ओझं वाढलं तसं इन्शुलिनही वाढवलं. जे आजारी पडले त्यांचा, साखर मिळताच सुटणारा इन्शुलिनचा पहिला झपाटा तीन चतुर्थांशाहून अधिक घटला होता. वजन वाढणं म्हणजे गाडीवर ओझं चढणं, आणि ते ओढणारा बैल किती तगडा आहे हा वेगळा प्रश्न. एकाच समाजात, सारख्याच वाढलेल्या वजनाच्या दोन माणसांपैकी एकालाच मधुमेह का होतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे, आणि जनुकांचा हातही मुख्यतः इथेच दिसतो. टाइप २ मधुमेहाशी जोडल्या गेलेल्या शेकडो जनुकीय जागांपैकी बऱ्याच जागा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींशी निगडित आहेत.

सीमेपलीकडचे भाऊबंद

प्रकरणाचा कणा मात्र पुढे आहे. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात, सिएरा माद्रे डोंगररांगेत मायकोबा नावाचं गाव आहे. तिथेही पिमा राहतात. भाषेनं आणि वंशानं ते अ‍ॅरिझोनातल्या पिमांचे जवळचे नातलग, शेकडो वर्षांपूर्वी वेगळे झालेले. त्यांचं पाणी कुणी वळवलं नाही. डोंगरउतारावरची शेती, मका, घेवडा, बटाटे, लाकूडकाम, पायी ये-जा असं त्यांचं जगणं विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बरंचसं तसंच राहिलं.

१९९४ मध्ये एरिक राव्ह्युसाँ आणि सहकाऱ्यांनी तिथल्या केवळ ३५ जणांची प्राथमिक तपासणी प्रसिद्ध केली. सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अ‍ॅरिझोनात ३३.४, तर मायकोबात २४.९ निघाला. मग मोठा अभ्यास झाला. २००६ मध्ये लेस्ली शुल्झ यांच्या गटानं तो प्रसिद्ध केला, आणि त्याची रचना मोठी सुंदर आहे, कारण त्यात तिसरा गटही होता: मायकोबातच राहणारे, तेच अन्न खाणारे, पण पिमा नसलेले मेक्सिकन लोक. वय आणि लिंग जुळवून घेतल्यावर मधुमेहाचं प्रमाण असं आलं: अ‍ॅरिझोनातल्या पिमांत ३८ टक्के, मायकोबातल्या पिमांत ६.९ टक्के, मायकोबातल्या इतरांत २.६ टक्के. लठ्ठपणा अ‍ॅरिझोनातल्या पुरुषांत ६४ टक्के आणि बायकांत ७५ टक्के, तर मायकोबातल्या पिमा पुरुषांत ७ टक्के आणि बायकांत २० टक्के.

या तीन आकड्यांकडे थोडं थांबून पाहिलं पाहिजे. ३८ आणि ६.९ यांच्यातला फरक वंशाचा नाही, तो राहणीचा आहे. पाचपटीहून मोठा. ६.९ आणि २.६ यांच्यातल्या फरकात जनुकांचा हात असू शकतो. पण तपासलेले पिमा होते २२४ आणि इतर १९३, एवढ्या संख्येवर तो फरक ठामपणे धरता येत नाही. संशोधकांनीही हे दोन गट सारखेच मानले. जनुकं दुबळी आहेत असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्या वातावरणात त्यांना काही करायला वावच नाही तिथे ती गप्प बसतात, आणि मायकोबा हे तसं वातावरण होतं.

या तुलनेवर आक्षेप घेता येतात. शेकडो वर्षांच्या विरहात दोन्ही गटांची जनुकं थोडी वेगळी झाली असतील. डोंगरातला गट लहान आहे. हे रास्त आहे. पण १९९५ मधल्या त्या मोजमापानंतर पंधरा वर्षांनी, २०१० मध्ये मायकोबात पुन्हा मोजमाप झालं तेव्हा तिथे पक्का रस्ता येऊन बरीच वर्षं लोटली होती, वीज आली होती, दुकानातलं अन्न आलं होतं. लठ्ठपणा वाढला होता, आणि मधुमेहही वाढू लागला होता. तो पिमा नसलेल्यांमध्येही चढत होता. निसर्गानं हा प्रयोग जणू दुसऱ्यांदा करून दाखवला.

काटकसरी जनुकाची गोष्ट

१९६२ मध्ये जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञानं 'थ्रिफ्टी जीनोटाइप'ची कल्पना मांडली. मराठीत त्याला काटकसरी जनुक म्हणू. मधुमेहासारखा घातक आजार देणारी जनुकं निसर्गानं गाळून कशी टाकली नाहीत, हा त्याचा प्रश्न होता आणि प्रश्न उत्तम होता. त्याचं उत्तर असं की कधी मिळालं, कधी नाही अशा काळात अन्न झटपट साठवून ठेवणारं शरीर फायद्याचं होतं. अन्न कायमचं मुबलक झालं आणि तोच गुण उलटला.

कल्पना इतकी मनात भरणारी होती की तीन वर्षांनी सुरू झालेल्या पिमांच्या अभ्यासावर ती आपोआप चिकटली, आणि लोकांच्या बोलण्यात आजही आहे. स्वतः नील यांनी मात्र १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये आपल्या मांडणीत फेरफार केले. पिमांच्या बाबतीत ती का बसत नाही हे वर आलेल्या इतिहासातच आहे: दीर्घकाळचे शेतकरी, आणि उपासमार आली ती अवघ्या दीडशे वर्षांपूर्वी. नैसर्गिक निवडीनं जनुकं बदलायला तेवढा काळ पुरत नाही. शोध घेऊनही पिमांमध्ये एखादं मोठं काटकसरी जनुक हाती लागलं नाही. सापडलं ते लहान आणि विखुरलेलं. एबीसीसी८ या जनुकातला एक बदल सुमारे तीन टक्के पिमांत आहे आणि तो असेल तर मधुमेहाचा धोका जवळपास दुप्पट होतो. पण तीन टक्क्यांतल्या बदलानं निम्म्या समाजाचा आजार समजत नाही. एसएलसी१६ए११ हा दुसरा दाखला: त्याचं एक रूप निअँडरथल मानवांकडून आलेलं आहे, मूळ अमेरिकन वंशात त्या जनुकाच्या साधारण निम्म्या प्रतींत आढळतं (प्रत्येकाकडे आईकडची एक आणि बापाकडची एक अशा दोन प्रती असतात), युरोपीय आणि आफ्रिकी वंशांत दुर्मीळ आहे. एका प्रतीमागे धोका वाढतो सुमारे २० टक्क्यांनी. सीमेच्या अल्याड-पल्याडचा पाचपट फरक या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

एकाच जनुकाचा मोठा घाव कुठेच सापडत नाही असं मात्र नाही. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत टीबीसी१डी४ जनुकाचा एक बदल २०१४ मध्ये सापडला. त्याच्या दोन्ही प्रती असलेल्या माणसाचे स्नायू इन्शुलिन मिळूनही साखर नीट आत घेत नाहीत, आणि त्याचा धोका सुमारे दहापट होतो. तिथल्या लोकसंख्येत असे सुमारे चार टक्के लोक आहेत. हा शोध खरा आहे आणि त्या लोकांच्या उपचारांसाठी उपयोगाचा आहे. पण तो एका समाजाचा, एका जनुकाचा शोध आहे. त्यावरून 'मूळ रहिवाशांची जनुकं' असं सरसकट बोलता येत नाही.

एक चकवा

आकड्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी हा भाग जपून ठेवावा. १९८८ मध्ये विल्यम नोलर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरिझोनातल्या ४,९२० मूळ रहिवाशांच्या रक्तातली 'जीएम' नावाची एक जनुकीय खूण तपासली. ज्यांच्यात ती खूण होती त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना मधुमेह, ज्यांच्यात नव्हती त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना. सरळ वाचलं तर ही खूण मधुमेहापासून वाचवते. पण ही खूण युरोपीय वंशाकडून आलेली होती. ज्यांच्या पूर्वजांत गोरे होते त्यांच्यात ती जास्त, आणि त्यांच्यातच मधुमेह कमी. पूर्वजांपैकी किती जण मूळ रहिवासी होते यानुसार लोकांचे गट पाडून पुन्हा मोजलं, तर खुणेचा परिणाम नाहीसा झाला.

त्या खुणेचा मधुमेहाशी काहीच संबंध नव्हता. ती फक्त वंशाची चिठ्ठी होती. आणि वंशाच्या चिठ्ठीबरोबर जनुकं जशी येतात तसं घर, शाळा, पगार, गाव, ताटातलं अन्न हेही येतं. या अभ्यासानं जनुकशास्त्राला फार मोठी शिस्त लावली, आजही तो विद्यार्थ्यांना शिकवतात. तरीही 'अमुक वंशात हे जनुक जास्त, अमुक आजार जास्त, म्हणून जनुकामुळे आजार' ही उडी रोज कुणीतरी मारतंच, आणि ते वाचताना माझा जीव तुटतो.

चरबी किती, त्यापेक्षा कुठे

लठ्ठपणा हाच मधुमेह, हे दुसरं ढोबळ समीकरण. पिमांच्या नोंदींनी तेही विसविशीत केलं. २००० मध्ये आलेल्या एका अभ्यासात पोटाच्या कातडीखालच्या चरबीच्या पेशी किती मोठ्या आहेत हे पाहिलं गेलं. ज्यांच्या पेशी फुगून मोठ्या झाल्या होत्या, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त निघाली. चरबीची पेशी ही कणगी आहे. कणग्या पुरेशा असतील, नव्या बांधता येत असतील, तर धान्य सुखरूप राहतं. आहेत त्याच कणग्या ठासून भरल्या की धान्य ओसंडतं. शरीरात ते ओसंडतं यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात, आणि तिथे चरबीचं काय काम? यकृत साखर सोडत राहतं, स्नायू ती घेत नाहीत, स्वादुपिंड थकतं. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारात तर कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. माणूस दिसतो हडकुळा आणि मधुमेह होतो तीव्र. कणगीच नाही, तर दाणे घरभर.

एकदा असं पाहिलं की वंशावंशांतले कोड्यात टाकणारे फरक उलगडू लागतात. सामोआतल्या लोकांत सीआरईबीआरएफ जनुकाचं एक रूप साधारण एक चतुर्थांश प्रतींत आहे, इतरत्र ते जवळजवळ नाही. २०१६ मध्ये कळलं की त्याच्या एका प्रतीनं बीएमआय सव्वा ते दीड अंकानं वाढतो, आणि मधुमेहाचा धोका कमी होतो. हो, कमी. वजन वाढवणारं जनुक मधुमेहापासून वाचवतं, कारण बहुधा ते जास्तीची चरबी निरुपद्रवी जागी ठेवायला मदत करतं.

उलट टोकाला भारतीय उपखंडातली माणसं आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले स्वतःचेच शेजारी-शेजारी उभे राहिलेले फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी तोच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. आणि हा फरक मोठेपणी येत नाही. पुण्यातल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, असं याज्ञिक यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवलं होतं. पुण्याची बाळं स्नायूंनी बारीक, पोटाच्या घेरानं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून.

म्हणून एकाच बीएमआयची रेघ सगळ्यांना लावणं चुकीचं ठरतं. इंग्लंडमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये काढलेला हिशेब असा: गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ वरच, अरबांना २६.६ वर, चिन्यांना २६.९ वर, कृष्णवर्णीयांना २८.१ वर. ३० ही रेघ धरून बसलेला दवाखाना २५ बीएमआयच्या दक्षिण आशियाई माणसाला 'वजन ठीक आहे' म्हणून घरी पाठवेल, आणि तो माणूस धोक्याच्या रेघेपलीकडे असेल. इथे वंश विचारणं उपयोगाचं आहे, त्यावाचून अन्याय होतो. मला वंशाचा रकाना पुसायचा नाही. तो भरल्यावर पुढचा प्रश्न विचारणं थांबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आईच्या पोटात

पिमांच्या नोंदींतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे. अभ्यास पिढ्यान् पिढ्या चालल्यामुळे आईची गरोदरपणातली साखर आणि तिच्या मुलाची विशीतली साखर या दोन्ही एकाच दप्तरात सापडल्या. १९८८ मध्ये डेव्हिड पेटिट यांच्या गटानं ते जोडून पाहिलं. २० ते २४ वयाच्या ज्या मुलांच्या आयांना गरोदरपणी मधुमेह होता, त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांना मधुमेह झाला होता. ज्यांच्या आयांना तो कधीच नव्हता, त्यांच्यात १.४ टक्के. यात जनुकं आहेत असं कुणीही म्हणेल. पण मधला गटही होता: ज्यांच्या आयांना मधुमेह झाला, पण बाळंतपणानंतर काही वर्षांनी. त्या आयांची जनुकंही मधुमेहाचीच, तरी त्यांच्या मुलांत प्रमाण ८.६ टक्के.

२००० मध्ये डाना डाबेलिया यांनी तपास आणखी आवळला. एकाच आईची मुलं घेतली, काही तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. आईबाप तेच, घर तेच. नंतर जन्मलेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता ३.७ पट निघाली. वडिलांच्या मधुमेहाबाबत असा फरक दिसला नाही. म्हणजे आईच्या रक्तातली जास्तीची साखर पोटातल्या बाळाच्या शरीराला वळण लावून जाते. ती मुलगी मोठी होते, लवकर मधुमेही होते, तिच्या पोटी पुढचं बाळ येतं. घराण्यात आजार उतरत जातो, बघणाऱ्याला वाटतं रक्तातच आहे, आणि जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं. नदी वळवली गेली एकोणिसाव्या शतकात. तिचा माग असा गर्भागर्भातून पुढे येत राहिला.

डेटा सायन्स शिकणाऱ्या अनेकांच्या हातून पिमांच्या नोंदी गेलेल्या आहेत, बहुतेकांना हे लोक कोण ते माहीत नसतानाही. सरावासाठी जगभर वापरला जाणारा तो तक्ता ७६८ पिमा स्त्रियांचा आहे. आठ रकाने: किती वेळा गरोदर, ग्लुकोज, रक्तदाब, कातडीच्या घडीची जाडी, इन्शुलिन, बीएमआय, घराण्यातल्या मधुमेहाचा निर्देशांक, वय. काही स्त्रियांपुढे रक्तदाब शून्य लिहिलेला आहे, कारण तो मोजला गेला नव्हता. विद्यार्थी ते शून्य दुरुस्त करायला शिकतात. पाण्याचा रकाना त्या तक्त्यात नाही, आणि तो नसल्यामुळे संगणक जे काही शिकतो ते त्या स्त्रियांच्या शरीरापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

काय बदललं

जनुकं दैव असती तर उपाय चालले नसते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. धोक्याच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक, त्यांत नैर्ऋत्य अमेरिकेतले मूळ रहिवासीही होते. वजन सात टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, यासाठी ज्यांना सतत माणसांची साथ मिळाली, त्यांच्यात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. हा फायदा सगळ्या वंशगटांत दिसला.

१९९७ मध्ये अमेरिकी संसदेनं मूळ रहिवाशांच्या मधुमेहासाठी वेगळा निधी सुरू केला. दवाखाने जवळ आले, मूत्रपिंडाची तपासणी नेमानं होऊ लागली, रक्तदाबाची आणि मूत्रपिंड वाचवणारी साधी, जुनी औषधं घरोघर पोचली. १९९६ ते २०१३ या काळात मधुमेही मूळ रहिवाशांत मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घसरलं. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही वंशगटात इतकी घसरण झाली नाही. सर्वांत बिघडलेल्या जनुकांचे म्हणून ज्यांना ओळखलं गेलं, त्यांच्यातच ही सुधारणा सर्वांत मोठी होती.

आणि पाणी. जवळपास शतकभर चाललेल्या कायदेशीर झगड्यानंतर २००४ मध्ये अमेरिकी संसदेनं अ‍ॅरिझोनाच्या पाणीवाटपाचा कायदा केला. त्यात हीला नदीकाठच्या या समाजाचा वर्षाला सरासरी ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मान्य झाला. आपल्या मापात सुमारे साडेअठ्ठावीस टीएमसी. त्यातलं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीवरून मोठ्या कालव्यानं येतं. समाजानं आपल्या शेतांसाठी नवे कालवे बांधायला घेतले, काही पाणी जमिनीत मुरवायलाही सुरुवात केली आहे. टेपरी घेवडा आजही तिथे पिकतो.